बेंचवर घडलेला कोच : स्टीव्ह कर

रामबागकर

परवा सकाळच्या प्रॅक्टिसनंतर एका मुलाचे वडील मला भेटायला आले. मी गेली अकरा वर्षं इंदूरला शाळकरी मुलांना सकाळी साडेसहा ते आठ बास्केटबॉल शिकवतो. पालक येतात, बोलतात, त्यात नवीन काही नाही. हे गृहस्थ मात्र मुलाचं नाव काढून घ्यायला आले होते. "सर, तीन मॅच झाल्या, पोरगं बेंचवरच बसून आहे. त्यापेक्षा ट्यूशनला तरी जाईल." मुलगा मागे उभा होता, बुटाची लेस बांधायचं निमित्त करून खाली बघत. मला धड उत्तर देता आलं नाही. तेव्हा जे सांगायला हवं होतं, ते आज इथे लिहितो.

मला त्यांना स्टीव्ह करबद्दल सांगायचं होतं.

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये तो १५ हंगाम खेळला. ९१० सामने. त्यातल्या फक्त ३० सामन्यांत तो पहिल्या पाचांत होता, बाकी सगळे सामने बेंचवरून उठून. सरासरी सामन्याला ६ गुण. उंची सहा फूट तीन इंच, उडी बेताची, वेग त्याहून बेताचा. १९८८च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) फिनिक्स सन्सने त्याला घेतलं ते पन्नासाव्या क्रमांकावर, दुसऱ्या फेरीत. (आपला सतनाम सिंग २०१५मध्ये डॅलसने बावन्नाव्या क्रमांकावर घेतला होता. म्हणजे तिथून पुढे टिकून राहणं किती अवघड असतं याची कल्पना यावी.) फिनिक्सने वर्षभरात त्याला क्लीव्हलँडला दिलं, पुढे ऑरलँडो, मग १९९३मध्ये शिकागो. आणि या खेळाडूकडे पाच विजेतेपदं आहेत : १९९६, ९७, ९८ शिकागोबरोबर, १९९९ आणि २००३ सॅन अँटोनियोबरोबर. तीनच्या शॉटमध्ये त्याची कारकिर्दीतली टक्केवारी ४५.४ आहे. एनबीएच्या इतिहासात हा आकडा सर्वांत वरचा आहे.

त्याआधीचं आयुष्य वाचलं की माणूस गप्प होतो. जन्म १९६५चा, बैरूतमधला. वडील माल्कम कर मध्यपूर्वेच्या राजकारणाचे अभ्यासक आणि बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष. १८ जानेवारी १९८४ रोजी त्यांच्या ऑफिसबाहेर त्यांना गोळ्या घातल्या. स्टीव्ह तेव्हा १८ वर्षांचा, अॅरिझोना विद्यापीठात पहिल्या वर्षाला होता. दोनच दिवसांनी तो मॅच खेळायला उतरला. १९८६मध्ये स्पेनमधल्या जागतिक स्पर्धेत ब्राझीलविरुद्ध गुडघा गेला आणि अख्खा हंगाम बाहेर बसून काढावा लागला. नेमक्या त्याच हंगामात अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये तीन गुणांची रेषा आली! परतला तो १९८७-८८मध्ये, आणि त्या रेषेमागून त्याचे १९९ पैकी ११४ शॉट पडले. अॅरिझोना शेवटच्या चारांत पोचलं. तिथे ओक्लाहोमाविरुद्ध मात्र त्याचे १३ पैकी फक्त २ शॉट पडले आणि संघ हरला. अशा एका संध्याकाळमुळे माणूस खेळ सोडूही शकतो.

आता १३ जून १९९७, शिकागो, फायनलचा सहावा सामना. युटाशी ८६-८६ बरोबरी. टाइमआउटमध्ये बाकावर बसल्या बसल्या शिकागोचा सर्वांत मोठा खेळाडू मायकेल जॉर्डन आणि स्टीव्ह यांचं बोलणं होतं, कॅमेऱ्यात ते दिसतं. जॉर्डनला ठाऊक होतं की आपल्यावर दुसरा डिफेंडर धावून येणार, आणि तो युटाचा स्टॉकटन असेल, म्हणजे स्टीव्ह मोकळा राहील. तसंच झालं. पास आला, शॉट गेला, शेवटच्या पाचेक सेकंदांत शिकागो पुढे. ९०-८६. ज्या जॉर्डनशी १९९५च्या सराव शिबिरात हातापायी होऊन स्टीव्हचा डोळा काळानिळा झाला होता, त्याच जॉर्डनने हंगामातला सर्वांत मोठा पास त्याला दिला.

पण माझ्या मनात २००३ची मॅच जास्त घर करून आहे. पश्चिम विभागाची फायनल, सहावा सामना, डॅलसमध्ये. सॅन अँटोनियोचा टोनी पार्कर आजारी. ३७ वर्षांचा स्टीव्ह उत्तरार्धात उतरला. प्लेऑफमध्ये त्याला त्याआधी फारसं कुणी खेळवलंच नव्हतं. त्याने तीनचे चार शॉट घेतले, चारही पडले. सॅन अँटोनियोने ओळीने २३ गुण केले आणि सामना उलटला. एवढे दिवस बसून राहिलेल्या माणसाचा हात थंड पडला नव्हता, कारण तो रोज प्रॅक्टिसला वेळेवर येऊन शॉट घेत होता. आणि मॅच तो बघत होता. नुसता बसलेला नव्हता.

माझं म्हणणं असं की हाच माणूस २०१४मध्ये गोल्डन स्टेटचा कोच झाला, आणि कोच म्हणून त्याने जे जे केलं त्यात ती १५ वर्षं बेंचवरची बैठक दिसते. त्यावर पुढे लिहितो. आधी तुमचं ऐकू दे.

होळकर पॅव्हेलियन

रामबागकर, बास्केटबॉल मला फार कळत नाही, आमचं आयुष्य क्रिकेटमध्ये गेलं. पण तुम्ही लिहिलंत ते वाचताना मला सतत चंद्रकांत पंडित आठवत होते.

पंडित ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय खेळले. यष्टिरक्षक चांगला, फलंदाज चांगला, पण त्याच काळात बडोद्याचे किरण मोरे होते आणि जागा एकच. म्हणजे पुष्कळ काळ तेही दुसऱ्याच्या मागे उभे राहिलेले. नंतर मध्य प्रदेशाकडून खेळायला आले आणि कप्तान म्हणून १९९८-९९ची रणजी फायनल बेंगळुरूच्या चिन्नास्वामीवर कर्नाटकाशी हरले. तेवीस वर्षांनी, जून २०२२मध्ये, त्याच मैदानावर त्याच मध्य प्रदेशाचे कोच म्हणून परत गेले आणि ४१ वेळा रणजी जिंकलेल्या मुंबईला सहा गडी राखून हरवलं. मुंबई, जिथे ते स्वतः लहानाचे मोठे झाले. होळकर संघाने शेवटची रणजी जिंकली १९५२-५३मध्ये. माझे वडील सी. के. नायडू, मुश्ताक अली, सरवटे यांच्या गोष्टी सांगत सांगत गेले. त्यामुळे त्या दिवशी टीव्हीसमोर बसून मी रडलो, हे लिहायला मला काही वाटत नाही.

आणि त्याआधी विदर्भ. १ जानेवारी २०१८ला इथेच, होळकर स्टेडियमवर, विदर्भाने दिल्लीला हरवून पहिली रणजी जिंकली. कोच पंडितच. मी स्टँडमध्ये होतो. विदर्भाच्या गुरबानीची हॅटट्रिक डोळ्यांनी पाहिली. संघात नाव घ्यावं असा एखादाच, बाकी सगळी साधी मुलं. तेव्हा मनात आलं, या माणसाला मोठ्या नावांची गरज नाही, त्याला ऐकणारी मुलं हवीत.

टीप-ऑफ

चांगला धागा. पण मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही, आणि स्पष्टच लिहितो.

बेंचवर बसल्याने कोच घडत असता तर एनबीएत प्रत्येक संघात सात-आठ कोच तयार झाले असते. शेकडो खेळाडू बेंचवर बसून निवृत्त झाले, त्यांची नावंही कुणाला माहीत नाहीत. आपल्याला शिकागोचा कोच फिल जॅक्सन दिसतो, पॅट रायली दिसतो, स्टीव्ह कर दिसतो, कारण ते जिंकले. उलट बाजूही बघा. बिल रसेल आपल्या काळातला सर्वांत मोठा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू). १९६६मध्ये बोस्टनचा कोच झाला, स्वतः खेळत असताना, आणि १९६८ व १९६९ला विजेतेपद घेतलं. लेनी विल्किन्स हॉल ऑफ फेममध्ये खेळाडू म्हणूनही आहे आणि कोच म्हणूनही. लॅरी बर्ड इंडियानाला आला, पहिल्याच हंगामात १९९८चा सर्वोत्तम कोच ठरला, २०००मध्ये संघाला फायनलला नेलं. हे तिघेही बेंचवाले नव्हते.

हो, मॅजिक जॉन्सन या मोठ्या खेळाडूचं उदाहरण तुमच्या बाजूने आहे. १९९४मध्ये लेकर्सचे १६ सामने, त्यात ११ हरले, आणि त्याने काम सोडलं. पण एका उदाहरणाने नियम होत नाही.

दुसरं म्हणजे, स्टीव्हला मिळालेला संघ. आदल्या हंगामात मार्क जॅक्सनच्या हाताखाली गोल्डन स्टेटने ५१ सामने जिंकले होते. स्टेफन करी, क्ले थॉम्पसन, ड्रेमंड ग्रीन आधीपासून होतेच.

आणि फिनिक्सचा काळ का गाळलात? २००७ ते २०१० तो तिथे जनरल मॅनेजर होता. धावत खेळणारा सुंदर संघ होता, त्यात शकील ओनील या अवजड सेंटरला आणलं आणि तो वेग गेला. डँटोनीसारखा कोच निघून गेला. बेंचवरची सगळी समज तेव्हा कुठे होती?

रामबागकर

टीप-ऑफ, फिनिक्स गाळायला नको होतं, मान्य. ओनीलचा निर्णय चुकला. माझा अंदाज असा की खुर्चीत बसून खेळाडू मांडणं आणि कोर्टच्या कडेला उभं राहून ते खेळवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं त्याचं नव्हतं.

संघाबद्दल मात्र थोडं भांडतो. संघ तोच होता हे खरं, पण २०१३-१४मध्ये हाच संघ लीगमध्ये सर्वांत कमी पास देणाऱ्यांत होता. करीने बॉल घ्यायचा, स्क्रीन (सोबत्याच्या अंगाची आड) घ्यायची, शॉट. स्टीव्हने पहिलं काम हे केलं की बॉल फिरता ठेवला. ते त्याला कुठून मिळालं बघा. फिल जॅक्सनच्या शिकागोतला ट्रायँगल (तिघांनी त्रिकोण करून पास फिरवायची पद्धत), पोपोविचच्या सॅन अँटोनियोतलं बॉल सतत हलवणं, फिनिक्सचा वेग. तिन्ही ठिकाणी तो जवळून बघत होता. पहिल्याच हंगामात ६७ विजय, १५ पराभव आणि विजेतेपद.

हे लिहिताना माझ्या लक्षात येतंय की तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे. स्टीव्हचे कोच बघा : अॅरिझोनाला ल्यूट ओल्सन, मग विल्किन्स (क्लीव्हलँडला तोच त्याचा कोच होता), फिल जॅक्सन, पोपोविच. नुसता बेंच पुरत नाही. बेंच कुणाच्या शेजारी आहे, यावर सगळं अवलंबून आहे. हे मूळ पोस्टमध्ये मी नीट मांडलं नाही.

आता इग्वोडालाची गोष्ट, जी मला सर्वांत जास्त सांगायची होती.

आंद्रे इग्वोडाला ऑलिंपिक सुवर्णपदकवाला, ऑल-स्टार. तोवर एनबीएत एकही मॅच त्याने बेंचवरून सुरू केलेली नव्हती. दहा वर्षं, एकही नाही. स्टीव्हने आल्याबरोबर त्याला बेंचवर बसायला सांगितलं, कारण हॅरिसन बार्न्स या तरुण मुलाला पहिल्या पाचांत आत्मविश्वास मिळायला हवा होता आणि दुसऱ्या फळीला डोकं असलेला माणूस हवा होता. इग्वोडालाला ते सोपं गेलं नाही, पण त्याने मानलं. माझा असा ठाम विश्वास आहे की हे सांगायचा अधिकार स्टीव्हकडे होता तो ८८० सामने स्वतः बेंचवरून उठल्यामुळे. जॉर्डनने हे सांगितलं असतं तर ते इतक्या सहज गळी उतरलं नसतं.

मग जून २०१५, फायनल. क्लीव्हलँड २-१ने पुढे. त्यांचा लेब्रॉन जेम्स एकट्याने मॅच ओढत होता आणि त्यांचे उंच खेळाडू रिबाउंड खेचत होते. चौथ्या सामन्याआधी स्टीव्हच्या हाताखालचा एक तरुण सहायक, निक युरेन, जुन्या फायनलच्या फिती बघत बसला होता. त्याने सुचवलं, सात फुटी सेंटर बोगटला बसवा, इग्वोडालाला सुरुवातीला घ्या. मध्ये ग्रीन, जो उंचीने सेंटर नाहीच. स्टीव्हने ऐकलं. पुढचे तिन्ही सामने जिंकले आणि इग्वोडाला फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

संघातल्या सर्वांत खालच्या खुर्चीतून आलेली सूचना फायनलच्या मध्यावर कोच ऐकतो. शेवटच्या खुर्चीवरून काय काय दिसतं हे त्याला स्वतःला माहीत होतं.

अर्धवर्तुळ

बोगटला बसवण्याचा फायदा ज्यांना समजला नसेल त्यांच्यासाठी थोडं. उंच सेंटर बास्केटजवळ उभा राहतो, म्हणजे समोरचाही सेंटर तिथेच उभा राहतो आणि आत गर्दी होते. पाचही जण बाहेरून शॉट टाकू शकणारे असले की समोरच्या सेंटरला बाहेर यावं लागतं. आत रिकामी जागा तयार होते, कट करणाऱ्याला लेअप मिळतो. तोटा रिबाउंडमध्ये. म्हणून ग्रीनसारखा, स्वतःपेक्षा उंच माणसाला अंगाने रोखणारा खेळाडू लागतो. आपल्याकडच्या शाळेच्या संघांत "सर्वांत उंच तो सेंटर" हे इतकं पक्कं बसलंय की उंच मुलाला ड्रिबल शिकवतच नाहीत.

आणि फेब्रुवारी २०१८ची फिनिक्सविरुद्धची मॅच कुणी पाहिली का? स्टीव्हने टाइमआउटमध्ये बोर्ड खेळाडूंच्याच हाती दिला. इग्वोडालाने आखलं, ग्रीनने आखलं. आपला आवाज त्यांना ऐकून ऐकून कंटाळा आलाय असं त्याचं कारण होतं. ४६ गुणांनी जिंकले. काही लोकांनी हा समोरच्या संघाचा अपमान मानला. मला तसं वाटत नाही, पण फिनिक्सच्या खेळाडूंना लागलं असेल हे समजू शकतो.

होळकर पॅव्हेलियन

हे वाचून मला प्रश्न पडला. पंडितांची शिस्त कडक, सगळ्यांना माहीत आहे. हे तुमचे स्टीव्ह प्रॅक्टिसला गाणी लावतात असं नातू सांगतो. दोघेही जिंकले. मग मुलांना घडवायचं कसं?

रामबागकर

काका, नातू बरोबर सांगतोय. पहिल्या हंगामाआधी स्टीव्ह अमेरिकन फुटबॉलचे कोच पीट कॅरल यांचं शिबिर बघायला गेला होता, तिथून तो विचार पक्का झाला. त्याने चार गोष्टी ठरवल्या : आनंद, सजगता, करुणा, स्पर्धा. आनंद पहिला. पण तो मऊ नाही. पॅरिस ऑलिंपिक २०२४मध्ये अमेरिकेचा कोच म्हणून सर्बियाविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत, उपांत्य धरून, त्याने जेसन टेटमला एक मिनिटही खेळवलं नाही. टेटम त्याच वर्षी एनबीए जिंकून आलेला! अमेरिकेत गदारोळ झाला. उपांत्य ९५-९१ असा कसाबसा जिंकला, मग फ्रान्सविरुद्ध ९८-८७ सुवर्ण.

मला वाटतं दोन्ही प्रकारच्या कोचमध्ये एक गोष्ट सारखी असावी. मुलाला आपण कुठे उभे आहोत ते कळतं.

सुदामानगरची आई

मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. चार दिवस धागा वाचतेय.

माझी मुलगी तेरा वर्षांची. वर्षभर शाळेच्या संघात आहे. पहाटे साडेपाचला उठते, मला डबा भरायला सांगते, किट स्वतः भरते. या हंगामात पाच मॅच झाल्या, एकूण चार मिनिटं खेळली असेल. तुम्ही सगळे बेंचवर शिकायला मिळतं म्हणता. पण तिच्या कोचांनी वर्षभरात तिला एकदाही सांगितलं नाही की ती का बसलीय आणि काय सुधारायचं. पाण्याच्या बाटल्या आणायला सांगतात. ती घरी येऊन म्हणते, आई मी बाटल्या सांभाळायला जाते. रामबागकर दादा, त्या मुलाचे वडील चुकले असं मला नाही वाटत. मीही उद्या तेच करेन कदाचित.

आणखी एक. तुमच्या सगळ्या उदाहरणांत बेंचवर बसलेल्यांना पगार होता.

टीप-ऑफ

ताई, तुमच्या शेवटच्या ओळीला माझ्याकडे उत्तर नाही. मी जे लांबलचक लिहिलं त्यापेक्षा ती जास्त खरी आहे.

रामबागकर

ताई, तुमची पोस्ट मी सकाळी कोर्टवर जायच्या आधी वाचली आणि प्रॅक्टिसभर तीच डोक्यात होती.

मला एक कबूल करायचंय. त्या मुलाचे वडील आले, त्याला तीन मॅच बसवलं होतं ते मीच. आणि का बसवलं, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. कारण साधं होतं : डाव्या हाताने ड्रिबल करताना त्याची मान खाली जाते, बॉल जातो. दोन मिनिटांचं बोलणं होतं. मी स्टीव्ह करबद्दल दोन हजार शब्द लिहायला बसलो आणि हे दोन मिनिटांचं काम केलं नव्हतं. स्टीव्हने काम मिळाल्यावर पहिल्यांदा काय केलं? खेळाडूंना जाऊन भेटला. बोगटला भेटायला ऑस्ट्रेलियाला गेला. मला तर फक्त कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं होतं.

काल संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो. वडिलांनी पोहे दिले, वर सेव, चहा. मुलाला सगळं सांगितलं. तो सोमवारपासून येतोय, ट्यूशन संध्याकाळी.

आणि सोमवारपासून माझ्याकडे बेंचवरच्या प्रत्येकाला एक काम असणार आहे. एकाने समोरचा पॉइंट गार्ड कुठल्या बाजूने जातो ते मोजायचं. एकाने आमचे रिबाउंड कोण सोडतोय ते. टाइमआउटमध्ये आधी ते बोलतील, मग मी. ताई, तुमच्या मुलीच्या कोचांना मी ओळखत नाही आणि त्यांच्याबद्दल काही बोलणार नाही. पण मुलीला विचाराल का, पुढच्या मॅचमध्ये समोरच्या संघाचा एकच खेळाडू निवडून फक्त त्याच्याकडे बघ म्हणावं, आणि घरी येऊन सांग.

सुदामानगरची आई

मॅच काल झाली. तिला तीन मिनिटं मिळाली. पण ती घरी आल्यापासून बोलतेय. समोरच्या संघातली ११ नंबरची मुलगी शॉट घ्यायच्या आधी नेहमी एकदा डावीकडे खोटी हालचाल करते, आणि फ्री थ्रोनंतर मागे पळायला उशीर करते. हे तिने हाफ टाइमला कोचांना सांगितलं. त्यांनी आधी ऐकलं नाही, मग चौथ्या क्वार्टरमध्ये तिला बोलावून विचारलं, कुठली मुलगी म्हणालीस?

मला यातलं फार कळत नाही. हे बरोबर आहे का?

अर्धवर्तुळ

अगदी बरोबर आहे, ताई. फ्री थ्रोनंतर ११ नंबर उशिरा परतत असेल तर रिबाउंड मिळताच त्या बाजूने लांब पास टाकायचा, पुढे मोकळा लेअप आहे. तिला सांगा, पास दोन हातांनी, छातीपासून. आणि पुढच्या मॅचला ती खोटी हालचाल किती वेळा होते ते मोजायला सांगा. दहापैकी आठ वेळा असेल तर ती हालचाल बघून हलायचंच नाही, जागेवर थांबायचं.